खारट कपाळ

नातीच्या कपाळाचा मुका घेतला की ओठ खारट होतात. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे, फुप्फुसांत चिकट कफ साठवणारा आजार. तरुणपणची मी असते, तर मीठ-मोहरीनं दृष्ट काढून मोकळी झाले असते. भारीच शहाणी होते! आता तिला जालन्यातल्या लॅबच्या बाईकडं नेते.

नात डबीत थुंकते. बाई मान हलवते. "ही तोंडातली लाळ झाली गं. छातीतलं आण." मग स्वतःच म्हशीसारखी खोकून दाखवते. नात हसते, हसता हसता खोल खोकते आणि बेडका पडतो.

तो जंतू उगवायच्या काचेच्या ताटलीत पेरून बाई वाट बघते. खिडकीच्या उन्हात ताटली धरते, तेव्हा पाण्यातला चंद्र उचलून आणल्यासारखी वाटते. मी बाकड्यावर पेंगत बघत राहते.

यंदा दोन दिवस काहीच उगवलं न्हाई. "मंग फेक की," मी म्हणाले.

"न्हाई आजी. हिच्या आजारातले काही जंतू लई सावकाश उगवतात. विरजणाचं झाकण सारखं उचलता का तुम्ही?"

नवी नवरी असताना उचलायचे. सासरे बिचारे दही म्हणून दूधच प्यायचे.

पुढं एका सकाळी ताटलीत बारीक ठिपके दिसले.

"उगवला उशिरा, पण जंतू जल्दी घावला," बाई म्हणाली. "आता औषधानं जाईल. मुरला असता तर छातीच खाल्ली असती."

कनवटीला मीठ-मोहरीची पुरचुंडी अजून असतेच. ती सोडली, तशी नात सवयीनं पुढं झाली.

"तू सरक," म्हणाले आणि बाईवरून उतरवली.