मशीन आडवं होत नाही

ग्यानबा गवंडी आणि त्याच्या हाताखाली विटा वाहणारी मनकर्णा, त्याचीच बायको. भिंत बांधावी तर ग्यानबानंच. पण कामावरून तो थेट नरसिंगच्या देशी दारूच्या दुकानात. पिऊन आला की तिला झोडपायचा आणि सकाळी शुद्धीवर आला की तिचेच पाय धरून रडायचा.

बायकांनी मतदान करून दारूचं दुकान बंद करता येतं, हे मी अंगणवाडीच्या मीटिंगमध्ये ऐकलं आणि सगळ्यांत आधी तिला सांगितलं. मनकर्णा घरोघर फिरली. पाटलीणबाई आणि बौद्धवाड्यातल्या आम्ही, जन्मात पहिल्यांदा एका रांगेत उभ्या राहिलो. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. आडवी जिंकली, दुकानाला सील लागलं. ग्यानबा आठवडाभर थरथरला, तडफडला आणि दारूतून सुटला. त्या वर्षीची दिवाळी मनकर्णानं हसतखेळत केली.

पण नरसिंग स्वस्थ बसेल तर तो नरसिंग कसला! वर्षभरात त्याच शटरवर पाटी चढली, 'शासनमान्य ऑनलाइन लॉटरी'. आत कॉम्प्युटर, दर पंधरा मिनिटांनी सोडत. भारनियमनात गिरणी बंद, सगळं गाव अंधारात, पण याच्या इन्व्हर्टरवर आकडे लुकलुकताहेत. ग्यानबा आधी नुसता बघायला गेला. मग कामालाच जाईना.

"ताई, लिवा अर्ज," मनकर्णा मला म्हणाली. "बाटली आडवी केली, तसं मशीन आडवं करू."

मलाही वाटलं, का नाही? बायकांच्या सह्या-अंगठे घेऊन आम्ही दोघी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी अर्ज वाचला आणि हसले.

"बाई, तो नियम दारूचा. लॉटरीला मतदान नसतं. तिला परवाना आहे, ती कर भरते."

"साहेब, माझा माणूस चाललाय हो हातातून."

दारातला हवालदार समजूत घालायला लागला, "मावशी, दुकानवाला चिठ्ठीवर मटका घेत असता तर आत्ता उचलला असता. हे मशीनवर हाय. बराबर हाय ते."

म्हणे बराबर! चिठ्ठीवर आकडा लावला तर गुन्हा, मशीनवर लावला तर महसूल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी मनकर्णानं ग्यानबाला विचारलं, "काहून जाऊन राहिले तुमी तिथं?"

तो शांतपणे म्हणाला, "पीत न्हाई, मारत न्हाई. आता काय तकलीफ हाय तुला?"

त्याच आठवड्यात त्यानं थापी आणि ओळंबा विकला. आता तो गवंडीही राहिला नाही.

महिला दिनाला शाळेत कार्यक्रम झाला. दारूमुक्त गाव म्हणून पाहुणे आले होते. मनकर्णाला शाल दिली आणि नवऱ्याला कसं सुधारलं ते सांगा म्हणून माईक पुढं धरला. ग्यानबा अर्थातच शटरजवळ होता.



"ते पीत होते तवा सकाळी शुद्धीवर यायचे," ती म्हणाली. "रडायचे, पाय धरायचे. मला तेवढी आस ऱ्हायची. आता ते शुद्धीवरच हायत. आता म्या कोणत्या सकाळची वाट बघू?"

पाहुण्यांना काही कळलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या.