तीन घोट पाणी

मंचरच्या दवाखान्यात माझ्या बायकोचं ऑपरेशन चालू होतं आणि मी बाकाच्या कडेला बसून दाराकडे बघत होतो. शेजारी डिंगोऱ्याचे एक चाचा होते. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तांब्याची नवी तार गुंडाळून भरून द्यायचं त्यांचं काम. बोटांवर वॉर्निशचे डाग. त्यांची मुलगी आत बेशुद्ध होती. तहान लागली की येरझाऱ्या थांबवून ते खाली बसत, तीन दमांत तीन घोट पाणी पीत आणि 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणत.

शेवटी मला राहवेना. "चाचा, पोरीची ही गत, आन् तुमी आभार कशाचे मानताय?"

"भाऊ, मानूस भ्यालं की जीभ आदी अल्लाशीच भांडाया उठती. मंग धरून ऱ्हायचं कुनाला? म्हनून घोटभर पान्याचं तरी मानतो."

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. परत आले, बसले, तीन घोट प्यायले आणि तेच शब्द त्याच आवाजात म्हणाले. बातमी बरी की वाईट, मला कळेना. बाटलीचं झाकण मात्र त्यांना काही केल्या लागत नव्हतं.

ते मी लावून दिलं. मग दारातून सिस्टरनं माझं नाव पुकारलं. मी उठलो. उभ्यानंच माझी बाटली तोंडाशी नेली, आणि चाचांसारखा आधी पुन्हा खाली बसलो.