भोंग्यावरची मालवणी बाई

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, नाशिकचा. भोंगा म्हणजे चुंबक आणि कॉइल, आवाज म्हणजे हवेतली लहर... बस. आज सत्तरीला टेकलो तरी माझं मत तेच आहे. आता ऐका.

साल १९९०. इराकी सैन्याने कुवेत घेतलं होतं. मी तेव्हा कुवेतमध्येच, शुऐबाच्या एका प्लांटमध्ये होतो, घर फहाहीलला, तिसऱ्या मजल्यावर. बायको सुनंदा मूळची वेंगुर्ल्याची. मुलगी अनघा तान्ही. राई नावाच्या औद्योगिक भागातल्या गॅरेजमध्ये मेकॅनिक असलेला रघुनाथ, कणकवलीकडचा, त्याची खोली लुटली गेल्यापासून आमच्याकडेच राहत होता.

रेडिओवर, टीव्हीवर दिवसभर एकच घोषा — सगळं सुरळीत आहे, दुकानं उघडा, कामावर या. एका सकाळी भोंगा घेऊन जीपच आमच्या गल्लीत आली. माइक हातात धरलेला माणूस मला गॅलरीतून स्वच्छ दिसत होता.

"हिंदुस्तानी भाइयो, हालात बिल्कुल ठीक हैं. अपनी गाड़ी लेकर मैदान में आइए. दूध और आटा मुफ़्त मिलेगा."

घरातली दुधाची पावडर संपत आली होती. मी किल्ली उचलली.

"अहो, नका जाऊ!" सुनंदाचा चेहरा पांढराफटक. "ती बाई काय सांगतेय ऐकलं नाहीत का?"

"कुठली बाई? पुरुष बोलतोय. हिंदीत."

"मालवणीत बोलतेय! जाव नको, गाडी भायर काढू नको, म्हणतेय."

मी चक्क हसलो. जागरणं, काळजी... होतं असं, म्हणत बूट घालायला बसलो. तेवढ्यात खाली पाव आणायला गेलेला रघुनाथ धापा टाकत जिना चढून आला. जीप आल्यापासून सुनंदाशी त्याचा एक शब्दही झाला नव्हता. दारातूनच म्हणाला, "साहेब, ती जीपवाली बाई खंयची ओ? आमच्यासारख्याच बोलता. गाडी भायर काढू नको म्हणता!"

मी किल्ली परत ठेवली. विश्वास बसला म्हणून नाही — त्या दोघांचे चेहरे बघून पाऊल उचलेना.

इमारतीतले बाकीचे गेले. दुपारी भर उन्हात चालत परत आले. मैदानात टीव्हीचा कॅमेरा होता. दुधाचे डबे हातात देऊन त्यांना हसायला लावलं, "आम्ही इथे मजेत आहोत" असं म्हणायला लावलं. कॅमेरा बंद झाला, डबे काढून घेतले. गाड्याही.

आमची जुनी स्टेशन वॅगन तेवढी उरली. पुढे तिच्यातूनच आम्ही निघालो. मांडीवर अनघा आणि शेजाऱ्यांची मुलं, पायाशी पाण्याचे कॅन, शेजारच्या दोन बायका मागे सामानावर. बसरा, बगदाद, मग जॉर्डनची सीमा. अनघाला पाण्यात कुस्करलेली बिस्किटं भरवत नेलं. अम्मानहून मुंबईचं विमान मिळालं. ती गाडी नसती तर... जाऊ दे.

नंतर मी यावर बराच विचार केला. दुसरं रेडिओ स्टेशन मिसळलं? शक्यच नाही, माइक थेट भोंग्याला जोडलेला. दोघांनी ठरवून सांगितलं? वेळ कुठे होता! भास म्हणावा, तर एक गॅलरीत, एक रस्त्यावर... आणि शब्द तेच?

सध्या अनघाच इथे कुवेतला नोकरीला आहे. गेल्या वर्षी तिच्याकडे राहायला आलो असताना केरळच्या एक निवृत्त नर्स जेवायला आल्या. त्या काळात आमच्याच गल्लीत, पण दुसऱ्या इमारतीत राहायच्या. बोलता बोलता मी दुधाच्या त्या जीपचा विषय काढला. बाईचा नाही, फक्त जीपचा.

"हां, याद है," त्या सहज म्हणाल्या. "हम लोग तो नहीं गए. वो औरत मलयालम में मना कर रही थी ना?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे.

कोण होती, ठाऊक नाही. मला, आणि मैदानात गेलेल्या त्या सगळ्यांना, शेवटपर्यंत फक्त तो हिंदी बोलणारा माणूसच ऐकू आला.