आम्ही इंदापूरकडचे

“तुमच्यातलीच मुलगी दिलीय हं तुम्हाला. तुम्हालाही बरं, तिलाही बरं.”

डॉक्टरीणबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या. अगदी प्रेमानं. बाकीच्या बायका चहा पीत होत्या. मी “हो” म्हणाले. वर “थँक्यू” म्हणाले.

नव्वदच्या दशकातली बारामती. डॉक्टरीणबाईंच्या पुढाकारानं बायकांच्या एका मंडळानं ‘मोठी ताई’ नावाचं काम काढलं होतं. वसतिगृहातल्या एकेका मुलीशी एकेका बाईनं मैत्री करायची. शिकवणी नाही, उपदेश नाही. रविवारी तिला घरी न्यायचं, जेवू घालायचं, तिचं ऐकायचं. बस्स. कल्पना चांगली होती, आजही म्हणते. मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर. दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून द्यायची आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत एकटी. मलाही कुणीतरी हवं होतं. नाव दिलं.

कुठली मुलगी कुणाच्या घरात चालेल हे आधीच ठरलेलं. वसतिगृहात आमच्यातल्या आणखी तिघी मुली होत्या. त्यांना ताई मिळाल्याच नाहीत. मंडळात ‘तुमच्यातली’ बाई मी एकटीच. त्या तिघी रविवारी वसतिगृहाच्या पायरीवर बसून असायच्या. मी दर रविवारी बघायची. बोलले नाही.

माझ्या वाट्याला आली चंदा. लासुर्ण्याची, नववीतली. बाप वारलेला, आई उसात मजुरीला. पहिल्या रविवारी लांबूनच ओरडली, “जय भीम, ताई!”

मी आजूबाजूला बघितलं. जवळ जाऊन म्हणाले, “हळू. रस्त्यात नमस्ते म्हणायचं.”

मैत्रीची सुरुवात मी अशी केली.

कारण होतं. खोली घेताना मालकीणबाईंनी विचारलं होतं, “तुम्ही कुणातल्या?” मी म्हणाले, “आम्ही इंदापूरकडचे.” आडनाव गावावरून पडलेलं, कुठंही खपणारं. त्यांनी हवा तो अर्थ काढला. मी काढू दिला. बुद्धाची तसबीर ट्रंकेत ठेवली, साड्यांच्या खाली.

चंदाला घरी कशी नेणार? मी तिला कालव्यावर न्यायची. स्टँडसमोर भजी खाऊ घालायची.

“ताई, तुमच्या घरी कवा जायाचं?”

“पाहुणे आलेत गं.”

“लईच पाव्हनं येत्यात की तुमच्याकडं! लगीन-बिगीन ठरतंय का काय?”

हसायची. मग तिनं विचारायचं सोडलं. परीक्षेच्या तोंडावर मात्र कालव्याच्या कडेला एकदम म्हणाली, “सुट्टीत वसतिगृह बंद व्हतंय. गावाला गेले की लावत्याल माजं लगीन. थोरलीचं तसंच केलं. ताई, सुट्टीभर तुमच्याकडं ऱ्हाऊ?”

“खोली लहान आहे,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. जणू तिचंच चुकलं होतं.

सुट्टीआधी मंडळाचा स्नेहमेळावा झाला. प्रत्येक मुलीनं आपल्या ताईच्या घराबद्दल बोलायचं होतं. चंदाला माइकपुढं उभं केलं.

“आमच्या ताईंचं घर लई भारी हाय,” ती म्हणाली. “आत गेलं की समूरच बुद्धाचा फोटू. त्याला हार. खिडकीत मोगऱ्याची कुंडी. ताई मला पिठलं करून घालत्यात. मी आले की दार सताड उघडं टाकत्यात.”

एक शब्द खरा नव्हता. मला वाचवायला पोरगीनं अख्खं घर उभं केलं होतं.

डॉक्टरीणबाई हसल्या. “अगं लाजतेस काय! रविवारी तुमच्यात मटण सोडून पिठलं शिजतं होय?”

हॉल हसला. मीही हसले. हे लिहायला इतकी वर्षं लागली. मीही हसले.

चंदानं माझं हसू बघितलं. “पिठलंच असतंय,” ती म्हणाली. एवढ्या हॉलमध्ये माझी अब्रू ती एकटी राखत होती.

मी उठले. माइक घेतला. “माझं घर हिनं पाहिलेलं नाही. मी नेलं नाही. जात लपवून राहते मी. आणि तुम्ही जात बघून जोड्या लावल्यात. त्या तिघी पायरीवर बसतात, त्यांची ताई व्हायला तुमच्यातली एकही पुढं आली नाही. ह्याला मैत्री म्हणू नका. माझं नाव काढा.”

“अहो, आम्ही तर तुमच्या सोयीसाठी...”

“सोय तुमची होती.”

चंदाचा हात धरून खोलीवर गेले. मालकीणबाई ओट्यावरच होत्या.

“ही कोण?”

“चंदा. सुट्टीत माझ्याकडे राहील. आम्ही बौद्ध आहोत.”

“दोघी?”

“दोघी.”

त्या उठून दारात आडव्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “आधी सांगायचं ना, बाई. आता दुसरीकडं बघा. आणि मुलीला आत नेऊ नका.”

चंदा उंबऱ्याबाहेरच उभी. “जाऊ द्या ताई. वसतिगृहात जेवान असतंय.”

“थोडं थांब, मी दुसरी खोली बघते,” म्हणून मी तिला परत सोडलं. मग दारोदार फिरले. आता जात आधी सांगत होते, त्यामुळे दारं पटापट मिटत होती. शेवटी गावाबाहेर जळोचीत एका मुसलमान मिस्त्रींनी खोली दिली. तोवर चंदाचा मामा येऊन तिला घेऊन गेला होता. मी लासुर्ण्याला पोचले तेव्हा हळद लागलेली. तिची आई दारात आली.

“आता कशाला आलाव, बाई?”

चंदा बाहेर आली नाही.

हॉलमध्ये मी उठले याचं लोक कौतुक करतात. करू नका. एका दमातलं ते धाडस. त्याआधीचं सगळं वर्ष भित्रेपणाचं. मी तोंड उघडायला केलेल्या उशिराची किंमत एका पोरीनं भरली. चंदाकडे माफी मागायला मी जाणार नाही. तिनं माफ केलं तर मी सुटेन. मला सुटायचं नाही.

दरवर्षी सुट्टी लागायच्या आधी मी वसतिगृहात जाते. जिला गावी जायची भीती वाटते तिला घेऊन येते. मागोमाग मामा येतात, बाप येतात, पंच येतात. गोड बोलतात, शिव्या देतात. पोरगी आत असते. दारात मी असते. मी हलत नाही.