कालचा दिवस, सकाळपासून

बारावीची परीक्षा संपल्यावर मी एक दोनशे पानी वही काढली आणि उभ्या रेघा मारून पाच रकाने पाडले. काम कोणतं, काय शिकावं लागतं, किती वर्षं, कुठं जावं लागतं, आणि शेवटचा, दिवस कसा जातो. खाली सोळा कामं लिहिली. कॉम्प्युटरवाले, डेटावाले, ड्रोनवाले, उपग्रहवाले, औषधं शोधणारे, रक्त तपासणारे, माती तपासणारे, सगळे आले. पहिले चार रकाने मोबाइलवर बघून दोन दिवसांत भरले. पाचवा सोळाही ओळींत कोराच राहिला.

विचारणार कोणाला? गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा भागातलं आमचं गाव. त्या वर्षी गावातून विज्ञान घेऊन बारावीला बसलेली मी एकटीच. शाळेच्या वाटेवरची एक मैत्रीण होती, पण तिनं आर्ट्स घेतलं आणि आमचं बोलणं हळूहळू ‘जेवली का’वर येऊन थांबलं. रस्त्यात कोणी भेटलं की विचारायचं, “मंग, डॉक्टर होऊन राहिली का?” नाही म्हटलं की लगेच, “मंग कायले शिकून राहिली?” झालं, संपलं बोलणं.

घरी बाबा आणि मी, दोघंच. मी आठवीत असताना आई गेली. बाबांना विचारलं तर म्हणायचे, “तुले जे वाटन ते कर बाई.” ऐकायला किती छान! पण ज्याला काहीच वाटत नसतं त्याचं या वाक्यानं डोकंच फिरतं. मी वही आपटायचे. बाबा ती उचलायचे, धूळ झटकायचे आणि टीव्हीवर ठेवून द्यायचे. मोबाइलमधल्या त्या हुशार एआयलाही मी विचारून पाहिलं. त्यानं न कंटाळता दहा मुद्दे लिहून दिले, आणि शेवटी काय, तर सगळीच क्षेत्रं उत्तम आहेत. व्हिडिओंमधले लोकही तसेच, एकजात हसरे. कोणाला कधी सोमवारच येत नसावा!

नातेवाइकांच्या मनात माझं कधीच ठरलं होतं. माझा आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. दर दिवाळीला तो काचेच्या इमारतीचे, एसी बसचे, ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनचे फोटो दाखवायचा आणि आत्या माझ्याकडे बघून म्हणायची, “तू बी दादासारखं कर.” मलाही मोह होता, खोटं कशाला बोलू.

त्याच दिवसांत बाबांनी शेताची माती तपासायला दिली. आमची खालची बांधी, म्हणजे उताराकडचा धानाचा तुकडा, दोन वर्षांपासून रोवणीनंतर तांबडी पडत होती. अहवाल आला तर सगळं उत्तम! बाबा तो कागद चार लोकांना दाखवून आले. मला काही ते पटेना. मी बाबांना घेऊन गोंदियाला त्या प्रयोगशाळेत गेले.

तिथं एक मॅडम होत्या, चष्मा डोक्यावर ढकललेला, बोलणं तिखट. त्यांनी विचारलं, “काका, माती कुठून घेतली?”

“शेणखताच्या ढिगाजवळून,” बाबा म्हणाले.

“काऊन?”

“मंग का रोगट बांधीतली आणू? शहरात, लोकाइसमोर?”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “अहो काका, माती तपासाले आणली का सोयरिकीसाठी दाखवाले आणली?”

बाबा असे ओशाळले की मला हसू आवरेना. मग मॅडमनी नीट समजावलं. वावरात नागमोडी चालायचं. ढिगाजवळची, झाडाखालची, बांधाला लागून असलेली माती घ्यायची नाही. आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा करून घ्यायची, सगळी एकत्र करायची, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत तेच करत राहायचं. “चांगली आणि खराब, दोन्ही यायला पाहिजे,” त्या म्हणाल्या. “तरच मी काही सांगू शकते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि मी खालच्या बांधीत गेलो. दिवसाला मोजून पाच वाक्यं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी प्रत्येक खड्ड्यापाशी त्यांना काही ना काही आठवत होतं. इथं तुझ्या आईले विंचू चावला होता. इथं तू चिखलात बसून भोकाड पसरलं होतं. मी आईच्या जुन्या लुगड्यावर माती पसरली, हातानं कालवली, बोटानं चार वाटे केले. आई गेल्यानंतर आम्ही दोघं इतकं बोललो असा तो एकच दिवस असेल.

आणि माती कालवता कालवता माझ्या ध्यानात आलं, की टीव्हीवरची ती वही अख्खी ढिगाजवळची माती आहे.

घरी येऊन हात धुतले आणि दादाला फोन लावला. म्हटलं, “दादा, कालचा दिवस सांग. सकाळपासून. दिवाळीत सांगतोस तसं नको. कालचा, जसा गेला तसा.”

“काऊन वं? काय झालं?”

“वहीत लिहायचं आहे.”

तो आधी हसला. मग सांगायला लागला. नऊला उठला. अंघोळीआधीच लॅपटॉप उघडला, कारण आठवड्यातले तीन दिवस काम खोलीवरूनच असतं. दोन दिवसांपासून प्रोग्राममधली एक चूक सापडत नव्हती, ती दुपारी तीनला सापडली. “इतका खूश झालो मी, की उठून नाचलो खोलीत,” तो म्हणाला. “पण सांगाले कोनी नव्हतं. मंग बसलो परत.” संध्याकाळी खाली वॉचमनला ‘काय म्हणता’ म्हणाला. अख्ख्या दिवसात तोंडानं बोललेले तेवढेच दोन शब्द. पार्टनर महिनाभरापूर्वी खोली सोडून गेला होता.

“काम मले आवडते,” तो म्हणाला. “तेही लिही. आणि आईले नको सांगू.”

मी दोन्ही लिहिलं. आत्याला अजूनही सांगितलेलं नाही. त्यानंतरच्या दिवाळीपासून मी दादाच्या ताटात करंज्या जास्त वाढते, त्याला वाटतं मी चेष्टा करते.

माती द्यायला गेले तेव्हा मॅडमनाही तेच विचारलं. त्या आधी वैतागल्या, “मला कामं नाहीत का?” मग पिशव्यांवर चिठ्ठ्या लावता लावता सांगत गेल्या. सकाळपासून माती वाळवणं, कुटणं, चाळणं. नाकात धूळ. दुपारी लाइट गेली, मशीन बंद, तासभर खिडकीशी बसून होत्या. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला. “पण कोणाच्या वावरात काय कमी आहे ते त्याच्याआधी मला कळतं,” त्या म्हणाल्या, “हे मात्र भारी वाटतं.” आठवड्यानं नवा अहवाल आला, आमच्या मातीत जस्त कमी होतं. इतकंच. दोन वर्षं बाबा ज्याला नशीब म्हणत होते, ते जस्त होतं.

पावसाळ्यात मला दोन्हीकडे जागा मिळाली. पुण्यात कॉम्प्युटर, आणि घरापासून रात्रभराच्या प्रवासावर कृषी. ज्या केंद्रावर फॉर्म भरले होते तिथला भैया कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाला, “कौनसी सीट रखनी है, जल्दी बताओ, आज लास्ट है.” मी वही उघडली. पाचव्या रकान्यात दोनच दिवस लिहिलेले होते आणि दोन्हींत माणूस एकटाच बसलेला होता. म्हणजे एकटेपणा काही चुकत नव्हता. कशापाशी एकटं बसलेलं मला चालेल, तेवढंच ठरवायचं होतं. सकाळीच मी खालची बांधी बघून आले होते. यंदा जस्त टाकलं होतं, ती हिरवीगार होती. म्हटलं, “कृषी रखो.”

बाबांनी स्टेशनवर माझी पेटी वर चढवून दिली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीची सळई धरून उभे राहिले.

आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत माती चाळताना मला खरंच बरं वाटतं. पण मेसमध्ये मी भिंतीकडे तोंड करून जेवते, कारण टेबलावरच्या सगळ्या मुली एकाच भागातल्या आहेत आणि मी बोलले की हसतात. ‘जाऊन राहिली, येऊन राहिली’ अशी माझी नक्कल करतात. मला राग येतो, आणि रागापेक्षा जास्त घरची आठवण येते. संध्याकाळी बाबांचा फोन येतो.

“कसं हाय?”

“मस्त. तुमचं?”

“मस्त हाय. टेन्शन नको घेऊ.”

फोन बंद. दुसरं वर्ष लागलं, आमचं दोघांचं हे मस्त चालू आहे.

मागच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा वही टीव्हीवरच होती. सहज उघडली. सोळा कामांच्या खाली सतरावी ओळ होती, बाबांच्या अक्षरात, पेन्सिलीनं.

काम कोणतं: शेती. काय शिकावं लागते: काई नाई. किती वर्षं: सारे. कुठं जावं लागते: कोठीच नाई. आणि पाचव्या रकान्यात, दिवस कसा जातो: सकाळी उठून दोन कप च्या मांडतो. मंग ध्यानात येते.

मी तिथंच भिंतीला टेकून बसले आणि पोटभर रडले. आतून बाबांनी हाक मारली, “बाई, च्या झाला.”

परत निघायच्या दिवशी मी त्याच्याखाली अठरावी ओळ लिहिली, माझ्या दिवसाची. भिंतीकडे तोंड करून जेवते, तेही लिहिलं. मग वही टीव्हीवर ठेवून दिली, त्यांच्या हाताला लागेल अशी.