तहकुबीनंतर

पालघरला आमच्या इमारतीखाली एका बाईंचं शिवणकामाचं दुकान आहे. अधिवेशन सुरू झालं की तिथल्या टीव्हीवर दिवसभर विधानसभा चालते. आमदार ओरडायला लागले की बाईंचं मशीनही जोरात पळतं. मी मध्येच माझ्या ब्लाउजचं विचारलं, तर हात वर करून म्हणतात, "थांबा ताई, मंत्री बोलतात."

परवा मात्र मशीन बंद होतं. मासवणजवळच्या त्यांच्या गावचा साकव, नदीवरचा छोटा पूल, पुरात वाहून गेलाय आणि पोरं नदीच्या पाण्यातून शाळेत जातात. त्यावरची लक्षवेधी सूचना त्या दिवशी यायची होती. बाईंनी मलाही स्टुलावर बसवलं. गावाचं नाव पुकारलं गेलं, तेवढ्यात कुणाच्या तरी बोलण्यावरून गोंधळ उडाला आणि कामकाज दिवसभरासाठी तहकूब झालं.

बाईंनी टीव्ही बंद केला. इतक्यात त्यांच्याच गावचे सरपंच नवं जाकीट न्यायला आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा सत्कार होता.

"साकवाचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"विषय वरती गेला हाय."

"वरचे उठून घरी गेले. तुमी हाय ना? लावा साहेबांना फोन."

सरपंचांनी मदतीच्या आशेने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून हसू दाबलं. शेवटी त्यांनी इंजिनिअरला फोन लावला. साहेब सोमवारी पाहणीला यायला कबूल झाले.

सरपंचांनी सुटकेचा निःश्वास टाकून जाकीट अंगात घातलं. "बाई, याला बटणं नाय लावली?"

"सोमवारी लावते," बाई म्हणाल्या, "सुईदोरा घेऊन नदीवरच येते."