अडीचची वायर

चाळीस वर्षं वायरमनने लोकांच्या घरांत उजेड पाडला आणि म्हातारपणी त्याच्यावर अशी पाळी आली की स्वतःच्या घराला कनेक्शन मिळेना. घर कसलं, पाव पोचवणारी जुनी गाडी होती ती. भाड्याची खोली मालकाने विकायला काढली तेव्हा वायरमनने ही गाडी घेतली, आत पलंग, ओटा आणि कपाट बसवलं आणि बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत उभी केली. वीज कंपनीच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज परत सरकवला. चाकं असलेल्या घराला मीटर देता येत नाही म्हणाल्या. "मग चाकं काढतो," वायरमन म्हणाला. बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या कुणाचं मेणबत्तीवर भागलं असतं. याचं भागणार नव्हतं, कारण बायकोच्या फुप्फुसांनी वर्षभरापूर्वीच हात टेकले होते. तिच्या उशाशी एक मशीन असायचं. ते हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने तिच्या नाकात सोडायचं. मशीन तीनशे वॅटचं, घरच्या विजेवर चालणारं. ते बंद पडलं तर छोटा सिलिंडर होता, तो जेमतेम तीन तास पुरायचा. त्यानंतर काय, हे दोघांपैकी कुणीच बोलून दाखवत नसे.

लेक औषधाच्या दुकानात कामाला होती. तिच्या घरी सासू-सासरे, नवरा, दोन मुलं आणि खोल्या दोन. एका माणसाची पथारी कशीबशी मावली असती, दोघांची नाही. तिने बापाला स्पष्टच सांगितलं. "सोमवारी सकाळी खोलीची किल्ली द्यायची आहे. रविवारी आठ ते सहा मशीन गाडीत चालवून दाखवा, बाबा. एकदाही बंद पडता कामा नये. चाललं तर आई तुमच्याकडे. नाही तर मी तिला घेऊन जाणार, मग मला बोल लावायचा नाही." लेक काही दुष्ट नव्हती. आईला श्वास लागलेला तिने बघितला होता, एवढंच.

म्हणजे एक्केचाळीस वर्षांचा संसार एका रविवारवर येऊन ठेपला. पण वायरमनला त्याची काळजी नव्हती. वीज हा त्याचा प्रांत. त्याने टपावर चार सोलर पॅनल चढवले, ड्रायव्हरच्या सीटखाली चार बॅटऱ्या ठेवल्या आणि मागे पलंगाजवळ इन्व्हर्टर बसवला, म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टचे घरातले दोनशे तीस होतील. पुढून मागे वायर नेली ती जमिनीलगत, पांढऱ्या केसिंगपट्टीतून. कोपरे असे कापले की सांध्यात नख शिरू नये. एवढी सरळ पट्टी त्याने कुणा डॉक्टरच्या बंगल्यातही मारली नव्हती.

ते काम चालू असताना नाक्यावरचा ट्रकांचा इलेक्ट्रिशियन डोकावून गेला होता. तरुण पोरगा, पण कामाला चांगला. "काका, गाडीत वायर जाड लागते हं," तो म्हणाला.

"अडीच एमएमची आहे. अडीचच्या वायरीवर अख्खा गिझर चालतो."

पोरगा आणखी काही बोलणार होता, पण वायरमनने पाठ फिरवली. हेडलाइट जोडणारा मला शिकवतोय, असं त्याने बायकोला तिखटमीठ लावून सांगितलं. तेव्हापासून त्या पोराचं नाव यांच्या घरात हेडलाइट पडलं.

रविवारी आठला मशीन सुरू झालं. लेक स्टुलावर बसली, मनगटावरचं घड्याळ समोर धरून. बायको पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसली. आजारपणापासून तिचे पाय सदा गारठलेले असत. ते तिने केसिंगपट्टीवर टेकले होते.

"अहो, इथे खालून काय छान ऊब येतेय," ती म्हणाली.

"ऊन येत असेल," वायरमन म्हणाला. त्याचं लक्ष मशीनच्या हिरव्या दिव्याकडे होतं.

नऊ चाळीसला इन्व्हर्टर तीनदा किंचाळला आणि बंद झाला. लेकीने आईच्या नळीला सिलिंडर जोडला. वायरमनने बॅटरीला मीटर लावलं. साडेबारा व्होल्ट. बॅटरी भरलेली. त्याने इन्व्हर्टर पुन्हा चालू केला, मशीन अर्धा तास चाललं आणि पुन्हा तेच. पुन्हा मीटर, पुन्हा बॅटरी भरलेली.

मग माणूस जे करतो ते सगळं त्याने केलं. बॅटऱ्यांचे नट आवळले. टपावर चढून पॅनल पुसले. ढगांना शिव्या घातल्या, आणि ढग तरी किती, दोन. मशीन उघडून फिल्टर झटकला. प्रत्येक वेळी मशीन थोडं चालायचं, त्याच्या जिवात जीव यायचा आणि इन्व्हर्टर किंचाळायचा. दर वेळी आधीच्यापेक्षा लवकर. सिलिंडरचा काटा हिरव्यातून पिवळ्यात आला, पिवळ्यातून लाल पट्ट्याला टेकला.

"तू अशी घड्याळ लावून बसतेस म्हणून बंद पडतंय," तो लेकीवर ओरडला. लेकीने घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. त्याने काहीच फरक पडला नाही.

दीडच्या सुमाराला बायको म्हणाली, "पुरे करा आता. मी जाते तिच्याकडे. तुमची दमछाक बघवत नाही मला." एवढं बोलतानाही ती तीनदा थांबली.

हे ऐकून वायरमनचं उरलंसुरलं अवसान गेलं. तो स्कूटर काढून नाक्यावर गेला. हेडलाइट एका ट्रकखाली आडवा होता. वायरमन उभ्यानेच म्हणाला, "मला एक चांगली बॅटरी दे. माझ्या बॅटऱ्या फसव्या निघाल्या."

पोरगा बाहेर आला, हात पुसले. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीन चालू असताना इन्व्हर्टरच्या तोंडाशी व्होल्टेज मोजलंत का, काका?"

मोजलं नव्हतं. मोजलं होतं ते बॅटरीपाशी, तेही सगळं बंद पडल्यावर. घरातल्या कामात असलं कुणी मोजत नाही.

"वायर तीच आहे ना, अडीचची? घरात दोनशे तीस व्होल्ट असतात. इथे बारा. तेवढंच काम करायला जवळजवळ वीसपट करंट ओढावा लागतो. एवढ्या बारीक वायरीतून तो पोचेपर्यंत त्यातला जोर वाटेतच जातो. बॅटऱ्या चांगल्या आहेत तुमच्या. इन्व्हर्टरला वाटतं, संपल्या."

"वाटेत जातो म्हणजे कुठे जातो?"

"कुठे जाणार, काका. वायर तापते."

वायरमन तिथेच एका टायरवर बसला. त्याला केसिंगपट्टी दिसत होती आणि तिच्यावर टेकलेले दोन सुजरे पाय. बायकोच्या श्वासासाठी निघालेली वीज त्याने तिच्या तळपायांखाली वाया घालवली होती आणि ती माउली छान वाटतंय म्हणाली होती. चाळीस वर्षांत त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या क्षणी कुणी त्याचा पक्कड-टेस्टर काढून घेतला असता तरी त्याने हूं की चूं केलं नसतं.

हेडलाइट बोटाएवढी जाड केबल आणि ती दाबून जोडायचं अवजार घेऊन बरोबर आला. मी सांगितलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. ती सुबक पांढरी पट्टी वायरमनने स्वतः स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटली. आतली वायर तापून पिवळी पडली होती; आपल्या पायांखालची ती वायर बायकोनेही बघितली. तीनला मशीन सुरू झालं तेव्हा सिलिंडरचा काटा शून्याला भिडला होता. मशीन साडेतीनला चालू होतं, पाचला चालू होतं, सहालाही चालूच होतं.

लेकीने आईची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. आता तिची चलबिचल होत होती. "काय झालं होतं, बाबा?"

नट सैल होता, म्हणायचं. तिला खरं वाटलं असतं. बायकोही त्याच्याकडे बघत होती, असंच काहीतरी सांगा म्हणून.

"माझी चूक झाली," वायरमन म्हणाला. "वायर बारीक घातली. सांगणाऱ्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आता दुरुस्त झालंय, पण सिलिंडर रिकामा आहे आणि रविवारी भरून मिळत नाही. रात्री काही झालं तर माझ्या हातात काही नाही. तू तिला घेऊन जा."

दिवसभर ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा केला तेच त्याने स्वतःच्या तोंडाने सोडून दिलं. तिने पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"आठ दिवस," ती शेवटी म्हणाली. "मशीन आम्ही नेतो. तुम्ही तेवढाच लोड आठ दिवस चालवून दाखवा, दिवसरात्र. सिलिंडर दोन आणा, भरलेले. पुढच्या रविवारी आईला मीच आणून सोडते."

लेकीचं घर रिक्षाने पाच मिनिटांवर, तेवढं नळीशिवाय निभणार होतं. गाडीच्या दोन पायऱ्या उतरायला बायकोला बराच वेळ लागला. खाली उभी राहून ती म्हणाली, "रात्रीही लक्ष ठेवा हं, नाही तर झोपा काढाल."

रिक्षा गेल्यावर वायरमनने हत्यारांच्या पेटीतून टेस्टिंगचा लाकडी बोर्ड काढला. त्यात शंभरचे तीन बल्ब लावले, म्हणजे बरोबर तीनशे वॅट. मशीन होतं त्या जागी बोर्ड ठेवून बटण दाबलं. एकट्या माणसाची ती गाडी लग्नघरासारखी उजळली. तो लेकीच्या स्टुलावर बसून बल्बांकडे बघत राहिला. डोळे दुखायला लागले तरी बघत राहिला.

रात्री आठ वाजता फोन वाजला.

"चालू आहे का?" बायकोने विचारलं. मागे मशीनची घरघर ऐकू येत होती.

"चालू आहे."

"आणि ती ऊब? येते का अजून?"

वायरमन खाली वाकला. तिचे पाय टेकले होते तिथे, उघड्या केबलवर, त्याने तळवा ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "आता नाही येत."

"मग येते मी रविवारी," ती म्हणाली.